पावसाळ्यात जुनी नौका: भाव, पारख आणि जोखीम

31 मे सरतो आणि महाराष्ट्र-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या यांत्रिक नौका एकेक करून परततात. पुढचे 61 दिवस, म्हणजे 31 जुलैपर्यंत, त्यांना मासेमारीला मनाई असते. काही नौका खाडीच्या आडोशाला नांगरून ठेवतात, काही वर ओढून झावळ्यांनी किंवा प्लास्टिकने शाकारतात. खलाशी गावी जातात, जाळी दुरुस्तीला निघतात, इंजिने खोलली जातात. ज्यांना नौका विकायची किंवा घ्यायची आहे त्यांची बोलणीही याच दिवसांत जोर धरतात.

या सौद्यांविषयी किनाऱ्यावर दोन मते आहेत. एक म्हणते, जुनी नौका पावसातच घ्यावी, कारण मालकाला पैशांची निकड असते आणि भाव उतरतो. दुसरे म्हणते, शाकारलेली नौका घेणे म्हणजे न पाहता घेणे. घ्यायची तर एप्रिल-मेमध्ये, ती जाळे ओढत असताना बघून घ्यावी. दोन्ही मते अनुभवातून आलेली आहेत आणि दोन्ही बाजूंना आपापली उदाहरणे तोंडपाठ असतात. भाव उतरतो तो का, किती, आणि उतरलेल्या भावाबरोबर कोणती जोखीम कोणाच्या गळ्यात पडते, एवढे तपासणे हा या आढाव्याचा हेतू. चर्चा ट्रॉलर, डोल, गिलनेट, पर्ससीन अशा यांत्रिक मासेमारी नौकांपुरती आहे. पर्यटकांच्या बोटी आणि हौशी शिडाच्या होड्या यांचे गणित वेगळे.

बंदीचे वेळापत्रक

पावसाळ्यात नौका बंद ठेवणे कायद्याने शिकवलेले नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावरच नौका लोटायची, ही रीत कायद्याहून कितीतरी जुनी. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा. त्याखालची बंदीदेखील बराच काळ 10 जून ते 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतले जे आधी येईल तोवर, अशी होती. पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्यासाठी 1 जून ते 31 जुलै हा काळ ठरला. पूर्व किनाऱ्यावर तो 15 एप्रिल ते 14 जून असतो, केरळातली ट्रॉलिंगबंदी 52 दिवसांची. बिगरयांत्रिक होड्यांना ही बंदी लागू नाही.

तारीख ठरल्याने सौद्यालाही मुदत आली. पण मुदत एकच नाही. कायद्याने 1 ऑगस्टला समुद्र मोकळा होतो, तरी अनेक गावे आजही पौर्णिमेची वाट पाहतात, आणि पौर्णिमा हलती असते. 2025 मध्ये ती 8 ऑगस्टला आली, 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे थेट 30 ऑगस्टला. म्हणजे एखाद्या वर्षी दोन खरेदीदारांच्या घाईत महिन्याचे अंतर पडू शकते. ज्याला पहिल्याच दिवशी कोळंबीवर जायचे आहे त्याला जुलैच्या मध्यापर्यंत कागदांसकट नौका हातात हवी असते. पौर्णिमेला नारळ वाहून निघणारा सावकाश बोलू शकतो. समोरच्याची घाई कुठल्या तारखेशी बांधलेली आहे हे ओळखणे बोलणीत फार उपयोगी पडते, पण भाव सांगण्याच्या नादात तेवढेच विचारायचे राहून जाते.

जुन्या नौकांचा बाजार कसा घडला

शिडाच्या होडीच्या काळात नौका बहुधा घरची असे. स्वातंत्र्यानंतर यांत्रिकीकरण आले, सहकारी मच्छीमार सोसायट्यांमार्फत कर्जे आली, राष्ट्रीय सहकार विकास निगमाचा पैसा आला. नौका तारण ठेवण्याजोगी मालमत्ता झाली. जी वस्तू कर्जाने घेता येते ती कर्जापायी विकावीही लागते. आजच्या बाजारातल्या बऱ्याच नौकांवर सोसायटीचा, बँकेचा किंवा मासळी व्यापाऱ्याचा बोजा असतो तो यामुळे.

दुसरे वळण 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्याचे. हल्लेखोर पोरबंदरच्या ‘कुबेर’ या मासेमारी नौकेतून आले होते, आणि त्यानंतर प्रत्येक नौकेची नोंदणी, क्रमांक, रंग आणि खलाशांची ओळखपत्रे यांकडे सुरक्षा यंत्रणांचे लक्ष गेले. तोंडी हस्तांतर, ‘कागद नंतर करू’ ही सवय तेव्हापासून महागात पडू लागली. आता नोंदणी आणि परवान्याचे काम ‘रियलक्राफ्ट’ या केंद्रीय ऑनलाइन प्रणालीतून होते. नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘आयएनडी-एमएच’ अशी असते. मात्र नौकेची नोंदणी एका कायद्याची आणि मासेमारीचा परवाना दुसऱ्या कायद्याचा, ही विभागणी कायम आहे. नोंदणी मर्चंट शिपिंग कायद्याखाली होते (1958 च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने 2025 मध्ये संमत केला), तर परवाना राज्याच्या 1981 च्या अधिनियमाखाली मिळतो. नौका नावावर झाली म्हणजे परवानाही झाला, असे धरून चालणारा खरेदीदार 1 ऑगस्टला धक्क्यावरच बसून राहू शकतो.

तिसरे वळण जाळ्यांच्या नियमांचे. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने महाराष्ट्रात पर्ससीनवर निर्बंध आले. हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच राहिला आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने 182 पर्यंत खाली आणायचे ठरले. 10 नोव्हेंबर 2017 ला केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. 2021 मध्ये राज्याच्या अधिनियमात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेले. यांतल्या प्रत्येक निर्णयाने काही नौकांचा भाव रातोरात बदलला, त्यांच्या एका फळीलाही हात न लागता.

भाव उतरतो तो कशाने

पावसाळी स्वस्ताईची तीन कारणे सांगितली जातात, आणि बोलताना ती एकमेकांत मिसळून जातात. वेगळी केली तर चित्र थोडे स्पष्ट होते.

पहिले कारण बंद काळाचे. दोन महिने नौका कमवणार नाही, मग आज पूर्ण पैसे का मोजायचे? रास्त प्रश्न आहे, पण हिशेब करून पाहिला तर त्यातून मोठी सूट निघत नाही. समजा नौका 15 लाखांची आहे आणि पैसा वर्षाला 12 टक्क्यांनी उचलला आहे. दोन महिन्यांचे व्याज 30 हजार रुपये होते. त्यात राखणदारीचा आणि शाकारणीचा खर्च धरा. लाखा-दोन लाखांची सूट केवळ ‘दोन महिने बंद’ म्हणून मागणारा खरेदीदार दुसऱ्याच कशाची तरी किंमत मागत असतो.

दुसरे कारण विक्रेत्याच्या निकडीचे, आणि त्यात बरेच तथ्य आहे. जून-जुलैत मालकाच्या घरात पैसा येत नाही आणि खर्च मात्र एकदम येतो: पुढच्या हंगामासाठी खलाशांना द्यायची उचल, नवे जाळे, इंजिनचे काम, रंग, सोसायटीचा हप्ता, वर पोरांच्या शाळा-कॉलेजची फी. रत्नागिरीसारख्या बंदरांत खलाशी नेपाळ, उत्तर प्रदेश, कर्नाटकातून येतात आणि त्यांना आगाऊ रक्कम दिल्याशिवाय पुढच्या हंगामाची खात्री नसते. ज्याने विकायचे पक्के केले आहे त्याला हे सगळे खर्च टाळायचे असतात.

म्हणून ‘पावसाळी भाव’ असा एकच भाव नसतो, हे ध्यानात घ्यावे लागते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात विक्रेत्याने अजून काही खर्च केलेला नसतो. तो आहे तशी नौका द्यायला तयार असतो आणि खरेदीदारापाशी दुरुस्तीला वेळ असतो. जुलैच्या शेवटी विक्रेते दोन तऱ्हांचे उरतात. ज्याने इंजिन उघडून बसवले, जाळी शिवली, उचल दिली, तो भाव उतरवत नाही, कारण आता तो स्वतःच हंगाम मारू शकतो. ज्याच्याकडे दुरुस्तीलाच पैसे नव्हते तो पडेल भावाला येतो, पण त्याची नौका 1 ऑगस्टला निघण्याच्या स्थितीत नसते. जुलैअखेरची स्वस्त नौका बहुधा सप्टेंबरची नौका असते. हा फरक मला या साऱ्या विषयात सर्वाधिक व्यवहाराचा वाटतो.

तिसरे कारण अनिश्चिततेचे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला; पुढे 2001 च्या नोबेल पारितोषिकात त्याचा मोठा वाटा होता. त्याचा मुद्दा असा की, मालाचे दोष विक्रेत्याला माहीत आणि खरेदीदाराला नाहीत अशा बाजारात खरेदीदार सगळ्याच मालाला सरासरीहून कमी भाव देतो, मग चांगला माल असलेले विकायलाच येत नाहीत आणि बाजारात वाईट मालाचे प्रमाण वाढते. पावसाळ्यात या मुद्द्याला आणखी एक धार येते. नौका वर काढल्यावर तिचा तळ सर्वात आधी मालक पाहतो. कुजलेली फळी, सुटलेला लेप त्यालाच प्रथम दिसतो, आणि ‘आता विकून टाकू’ हा विचार कधीकधी त्याच दिवशी पक्का होतो. पावसात विकायला निघालेली प्रत्येक नौका अशी असते असे मुळीच नाही. कोणी वय झाले म्हणून विकतो, कोणाचा मुलगा धंद्यात उतरत नाही, भावाभावांत वाटणी होते. पण विक्रीचे कारण विचारणे आणि ते दुसऱ्या तोंडून पडताळणे याला इथे किंमत आहे. सोसायटीचा सचिव, शेजारच्या नौकेचा तांडेल (नौका हाकणारा), बर्फवाला, डिझेल पंपावरचा माणूस या चौघांना मालकाइतकेच माहीत असते आणि त्यांचे काही विकायचे नसते.

तळ दिसतो, चाल दिसत नाही

पावसात घ्यावी की हंगामात, या वादाचे मूळ पारखीत आहे. किनाऱ्यावर ओढलेल्या नौकेचा तळ, सुकाणू, शाफ्ट, पंखा उघडा असतो. पाण्यावरच्या नौकेत यातले काही दिसत नाही. उलट भार पडल्यावर इंजिन कसे वागते, नौका लाटेवर कशी उठते, वळण कसे घेते, पाणी किती घेते, हे जमिनीवर कळत नाही. दोन्ही पक्ष आपल्याला दिसणाऱ्या अर्ध्याला जास्त महत्त्व देतात.

लाकडी नौकेच्या बाबतीत पावसाळी पक्षाचे म्हणणे जड आहे. समुद्रात लाकूड पोखरणारा जीव किड्यासारखा दिसला तरी शिंपल्यांच्या जातीचा आहे. तो बारीक छिद्रातून आत शिरतो आणि आतून फळी पोकळ करत जातो. वरून टाचणीएवढे भोक दिसते. तळ उघडा असल्याशिवाय, टोच्या घेऊन फळीफळी चाचपल्याशिवाय हे कळत नाही. जुन्या काळी मासळीचे तेल आणि काजूच्या टरफलांचे तेल चोळत ते याच्याच बंदोबस्तासाठी. दुसरी गोष्ट पावसाच्या पाण्याची. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याने लाकूड लवकर कुजते, त्यामुळे नीट न शाकारलेल्या नौकेत डेकच्या खाली, कोपऱ्यात, बर्फाच्या खणाच्या मागे जिथे पाणी साचते तिथे आधी हात घालावा.

हंगामी पक्षाचे उत्तरही ऐकण्याजोगे आहे. लाकडी नौका आठवडेच्या आठवडे बाहेर राहिली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. ती पुन्हा पाण्यात गेल्यावर सुरुवातीला पाणी घेतेच; मग लाकूड फुगते आणि सांधे मिटतात. हे गळणे साहजिक की दुखण्याचे, ते जमिनीवर कोणीच छातीठोक सांगू शकत नाही.

लाकडावर फायबरचा लेप दिलेल्या नौकांचा प्रश्न सर्वात अवघड. लेपाने समुद्री जीव लांब राहतो, रंग टिकतो, नौका नवी दिसते. पण लेप एखाद्या ठिकाणी फुटला की आत गेलेले पाणी बाहेर येत नाही आणि लाकूड लेपाखाली गुपचूप कुजते. यावर मिस्त्री लोकांत एकमत नाही. काही जण लेप असलेली जुनी नौका घेऊच नका म्हणतात. काही म्हणतात, लाकूड कोरडे असताना लेप दिला असेल तर नौकेचे आयुष्य वाढते. पाहायचे ते लेप केव्हा आणि कोणी दिला हे. दुसरे मत मला अधिक सयुक्तिक वाटते, पण त्यासाठी लेप देणारा कारागीर सापडावा लागतो, आणि नौका तीन मालक फिरून आली असेल तर तो सापडत नाही.

निव्वळ फायबरच्या नौकेत ठोकून पाहण्याला पर्याय नाही. निरोगी भागाचा आवाज टणक येतो, थर सुटलेल्या भागाचा बोदा. तळावर पाण्याने आलेले फोड नौका वर काढल्यावर लगेच ठळक दिसतात आणि वाळता वाळता बसतात. म्हणून फायबरची नौका जूनच्या पहिल्या आठवड्यात पाहणे आणि जुलैअखेर, नवा रंग चढल्यावर पाहणे, यांत फार फरक पडतो. ताज्या रंगाविषयी संशय घ्यावा असे नाही, दरवर्षी रंग लागतोच. पण रंगाच्या आधी पाहिलेल्याचे फोटो हाताशी असावेत.

इंजिनाच्या बाबतीत हंगामी पक्षाचे पारडे जड आहे. कोकणातल्या बऱ्याच नौकांवर अशोक लेलँडची, मूळ ट्रकच्या घराण्यातली सहा सिलिंडरची इंजिने बसवलेली असतात. सुटे भाग आणि फिटर दोन्ही मिळतात, म्हणून ती लोकांना आवडतात. किनाऱ्यावर पिंपातून थंड पाणी फिरवून असे इंजिन थोडा वेळ चालवता येते. सुरू कसे होते, धूर काळा की निळा, तेलात पाणी शिरून ते दुधाळ झाले आहे का, गिअर पडतो का, हे तेवढ्यात समजते. पण बर्फ, डिझेल, जाळी भरून भरतीच्या विरुद्ध चार तास चालल्यावर ते तापते का, हे समजत नाही. शाफ्ट आणि पंखा मात्र जमिनीवरच तपासावेत. पंखा हाताने हलवला की शाफ्टची झीज कळते, पाण्यात ते शक्य नाही. खाडीत नेऊन फेरी मारण्याची सूचना अनेकदा होते. बंदीच्या काळात नौका हलवायची तर मत्स्यव्यवसाय विभागाला आणि बंदराच्या अधिकाऱ्यांना आधी विचारावे, नाहीतर पारखीपायी कारवाई ओढवायची.

वादळाचाही एक प्रश्न विचारायला हवा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, मे 2021 मध्ये तौक्ते कोकणाला घासून गुजरातेत गेले. त्या दोन्ही वेळी नौका कुठे होती, शेजारच्या नौकेवर आपटली का, बूड बसले होते का? जोडलेल्या बरगड्या रंगाखाली दिसत नाहीत, पण आतून, खणाची फळी उचलून पाहिल्या तर दिसतात.

युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बोटी वर काढतात आणि तिथेही बंद हंगामातले सौदे हाच विषय आहे. तिथे रूढ तोडगा असा: भाव ठरतो, इसार दिला जातो, पण करार स्वतंत्र सर्व्हेअरच्या तपासणीवर आणि पाण्यातल्या चाचणीवर अवलंबून ठेवतात, दोष निघाला तर फेरबोलणी किंवा इसार परत. आपल्याकडे सर्व्हेअर येतो तो बहुधा विम्यासाठी किंवा कर्जासाठी. दोन मच्छीमारांच्या आपसातल्या सौद्यात त्याची जागा सुतार, फिटर आणि तांडेल घेतात. त्यांचे ज्ञान कमी नसते. अडचण एवढीच की ते लेखी काही देत नाहीत आणि पुष्कळदा ते दोन्ही बाजूंचे ओळखीचे असतात.

नेमके विकले काय जाते

‘एवढ्या लाखांना नौका दिली’ असे बोलतात तेव्हा त्या आकड्यात पाच-सहा वेगळ्या गोष्टी असतात. सांगाडा, इंजिन, जाळी आणि विंच, जीपीएस-फिश फाइंडर-व्हीएचएफ ही यंत्रे, परवाना, आणि सोसायटीमार्फत मिळणारा डिझेलचा कोटा व कराचा परतावा. शेवटच्या दोन गोष्टी हाताला लागत नाहीत, आणि तंटे त्यांच्यावरूनच जास्त होतात.

एका मताप्रमाणे परवाना हीच खरी किंमत आहे. नवे परवाने मिळत नाहीत अशा प्रकारात, विशेषतः पर्ससीनमध्ये, लोक सांगाड्यासाठी नव्हे तर परवान्यासाठी पैसे मोजतात. उलट मत असे की परवाना शासन देते, तो व्यक्तीला आणि विशिष्ट जाळ्यासाठी असतो, हस्तांतराला मंजुरी लागते, आणि मंजुरी मिळेल असे धरून आज दिलेले पैसे हा जुगार आहे. पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनांचा याला आणखी एक आक्षेप असतो: किनाऱ्यावरच्या सामायिक संपत्तीत उतरण्याच्या परवानगीला बाजारभाव यावाच का? मालवण परिसरात पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला संघर्ष वर्षानुवर्षे चालू आहे, आणि तिथे पर्ससीन नौकेचा सौदा नुसता दोन माणसांमधला राहत नाही. खरेदीदारापुरते बोलायचे तर परवाना कोणत्या जाळ्याचा, कोणत्या तारखेपर्यंतचा, आणि त्या नौकेवर कारवाई किंवा दंड प्रलंबित आहे का, हे इसार देण्याआधी विभागाच्या कचेरीतून समजून घ्यावे.

डिझेल परताव्याचे कोडे असे: परतावा उशिरा येतो. मागच्या हंगामात जुन्या मालकाने जाळलेल्या डिझेलचा परतावा नौका विकल्यावर जमा झाला तर तो कोणाचा? दोघेही आपला म्हणतात. इसारपावतीत एक ओळ लिहिली तर हा वाद उद्भवतच नाही.

बोज्याचे प्रकार तीन. सोसायटीचे आणि बँकेचे कर्ज कागदावर सापडते. ‘बाकी नाही’ असा दाखला मागता येतो. मासळी व्यापाऱ्याची उचल सापडत नाही. व्यापारी हंगामाआधी मालकाला रक्कम देतो आणि मालक मासळी त्यालाच घालतो, हा जुना व्यवहार पुष्कळदा तोंडीच असतो. नौका विकली की उचल मालकाच्या अंगावर राहते, नौकेवर नाही, असे कायद्याचे बोलणे करता येईल. पण 1 ऑगस्टनंतर धक्क्यावर टोपल्या उतरवताना जुना व्यापारी समोर उभा राहिला तर नव्या मालकाला तो वाद नकोच असतो. परराज्यातली नौका, म्हणजे गोव्यातल्या माळीमची किंवा कर्नाटकातल्या मलपेची, घेताना तिथल्या खात्याचा ना हरकत दाखला आणि इथली नवी नोंदणी यांत वेळ जातो. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये एक लाख नौकांना ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा शुभारंभ झाला. ज्या नौकांवर तो बसला आहे तिथे तोही जुन्या मालकाच्या नावावर राहून जात नाही ना, हे पाहावे.

बोलणीच्या तीन रीती

समोरासमोर, मध्यस्थामार्फत आणि सोसायटीच्या साक्षीने, अशा तीन रीती दिसतात. समोरासमोर बोलणाऱ्यांना वाटते मध्यस्थ दोन्हीकडून खातो. मध्यस्थाची बाजू अशी की, त्याच्यामुळे नाखव्याला (नौकेच्या मालकाला) गावात ‘भाव पाडून मागितला’ असे वाटत नाही आणि खरेदीदाराला स्पष्ट बोलता येते. कोळीवाड्यात उद्या एकाच मंदिरात, एकाच लग्नात भेटायचे असते. तिथे नौकेचा दोष तोंडावर सांगणे सोपे नाही. सोसायटीच्या साक्षीत भाव क्वचितच खाली येतो, पण बोजा लपत नाही.

कायदा खरेदीदाराच्या मदतीला फारसा येत नाही. 1930 च्या वस्तुविक्री कायद्याचे 16 वे कलम मूलतः असे सांगते की मालाच्या दर्जाची हमी आपोआप गृहीत धरली जात नाही. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः तो माल विकणे हाच ज्याचा धंदा आहे त्याला लागू होतात. एका मच्छीमाराने दुसऱ्याला विकलेल्या नौकेत ‘बघून घेतली ना?’ हाच प्रश्न येतो.

म्हणून जोखीम वाटून घेण्याच्या सूचना पुढे येतात. त्यातली सर्वाधिक चर्चेतली म्हणजे रकमेचा काही भाग, साधारण दहावा हिस्सा, पहिली फेरी होईपर्यंत राखून ठेवणे. खरेदीदारांना ती न्याय्य वाटते. विक्रेत्यांची हरकतही बिनबुडाची नाही: ताबा दिल्यावर नवा तांडेल इंजिन कसे हाकेल हे आपल्या हाती नाही, त्याने बिघडवले तर आपले पैसे का अडकावेत? मधला मार्ग असा की, फेरीऐवजी चाचणी आधीच ठरवायची. बंदी उठल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत, दोन्ही बाजूंचे फिटर हजर, ठरलेले तास, ठरलेला भार, आणि कुठल्या दोषाला किती रक्कम वळती करायची याची यादी पावतीवर. मग सौदा पावसाळ्यात होतो आणि त्यातला न दिसणारा भाग हंगामात पुरा होतो. दोन्ही मतांना जवळ आणणारी ही व्यवस्था आहे, पण ती लेखी करायला अजून फार थोडे तयार होतात.

भाव एकगठ्ठा सांगण्याऐवजी घटकवार मांडणे हाही एक विचार आहे. सांगाड्याचे इतके, इंजिनचे इतके, जाळ्याचे इतके. विक्रेते याला नाखूश असतात, कारण घटक सुटे झाले की खरेदीदार जाळे नको म्हणतो आणि पावसाळ्यात सुटे जाळे कोणी घेत नाही. खरेदीदारांचा फायदा असा की घासाघीस ‘माझ्या नौकेला नावे ठेवतोस’ या वळणावर न जाता ‘शाफ्ट बदलायला काय लागेल’ या प्रश्नावर राहते.

काय सुटलेले नाही

जुन्या नौका प्रत्यक्षात कोणत्या भावाला गेल्या याची कुठेही एकत्र, उघडी नोंद नाही. जमिनीला रेडी रेकनर आहे, तसे काही इथे नाही. त्यामुळे पावसाळ्यात भाव किती उतरतो हा प्रश्न आकड्यांनी सोडवता येत नाही. जो तो आपल्या बंदरातले दोन-चार सौदे सांगतो. हस्तांतराच्या नोंदी ऑनलाइन होऊ लागल्या आहेत, तेव्हा हे बदलू शकेल, पण भावांची नोंद उघडी करण्याचा हेतू अजून कोणी जाहीर केलेला नाही.

बंदी 15 ऑगस्टपर्यंत वाढवावी ही मागणी काही मच्छीमार संघटना करत आल्या आहेत. पिल्ले मोठी होऊ द्यावीत आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला खवळलेला समुद्र टाळावा, ही त्यांची कारणे. दुसरी बाजू वाढीव दिवसांची मजुरी आणि व्याज दाखवते. मुदत वाढली तर खरेदीदाराला दुरुस्तीला वेळ मिळेल आणि विक्रेत्याची निकड दोन आठवड्यांनी लांबेल. भाव कोणाच्या बाजूला झुकेल हे आज सांगता येत नाही.

त्याहून मोठा प्रश्न मासळीचा. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी सुमारे 2.01 लाख टनांवर आली, 45 वर्षांतला नीचांक. त्या वर्षी क्यार आणि महा या वादळांनी समुद्रात जाण्याचे दिवसही खाल्ले होते, त्यामुळे त्या एका आकड्यावरून कायमचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पण जुनी नौका घेणारा पुढची दहा वर्षे विकत घेत असतो. डहाणूच्या बाजूला वाढवण बंदराचे काम सुरू झाल्यावर तिथल्या मासेमारीच्या जागांचे काय होईल, एप्रिल 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला दिलेल्या शेतीच्या दर्जामुळे कर्जे खरोखर स्वस्त होतील का, हे आजच्या भावात धरायचे कसे, याला कोणाकडेच सूत्र नाही.

शेवटचा प्रश्न अगदी अलीकडे ऐकू येऊ लागला आहे, आणि तो फायबरच्या नौकांचा आहे. लाकडी नौका मोडली तरी सागवान निघते, खिळे आणि पत्रा निघतो; तिच्या भावाला खालून एक टेका असतो. फायबरची नौका मोडून विकण्याजोगे इंजिनाशिवाय फारसे काही निघत नाही, उलट सांगाडा नेऊन टाकायलाच खर्च येतो. खाडीकाठी असे सांगाडे साठू लागले आहेत. पंधरा-वीस वर्षांची फायबरची नौका पावसाळ्यात स्वस्त मिळते तेव्हा तिच्या शेवटच्या मालकाला पडणारा हा खर्च भावातून वजा करायचा की नाही, यावर बोलणी करायला अजून कोणी बसलेले नाही.